ज्याचं सामान त्यानं यावं

चौसाळा, ९ सप्टेंबर

अंगद,

आशीर्वाद आहेच, तो पत्रागणिक लिहायची माझी रीत नाही. मी चन्नप्पा कापडवाल्यांची शिवगंगा. तुझी आई छबुबाई नेकनूरहून भाजीची पाटी घेऊन चौसाळ्याच्या बाजाराला यायची आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर बसायची. तेव्हा तू तिचा पदर धरून माझ्याकडे गूळ मागायचास. ओळख पटली असेल तर पुढे वाच.

फोन का केला नाही असं तुला वाटेल. मला ऐकू येत नाही. आधी थोडं यायचं, हे गेले आणि त्यांच्या मागे तेही गेलं. कानाचं मशीन आणलं होतं. त्यातून जगाची खरखर यायची आणि माणसाचं बोलणं तेवढं यायचं नाही, म्हणून ते डबीत घालून ठेवलंय. हायवेवरचे ट्रकसुद्धा मला फळीवरची भांडी हलली की कळतात. गेला एक, म्हणायचं आणि आपलं काम करायचं.

आता कामाचं. माझा योगीराज आफ्रिकेत दार-ए-सलामला तेलाच्या कारखान्यात आहे. आता तो कायमचा परत येतोय. सगळं घर त्यानं जहाजावर घातलंय आणि ते तुझ्या कंपनीकडून सुटणार आहे, असं त्यानं करिष्माला सांगितलं. करिष्मा म्हणजे आमच्या शेजारची सून. योगीराजचा फोन तिच्याकडे येतो आणि ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडते, "काकू, माल निगालाय. लई सामान हाय." एवढ्याशा बातमीवर मी महिना काढलाय. तू लिहून कळव. जहाज कुठवर आलं, माल कधी उतरेल, आणि माल आला की माणूस किती दिवसांनी येतो?

तुझ्या आईचं शेवयांचं मशीन माझ्याकडेच राहिलंय. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी ते पाटाला आवळून बसायचो. ती गेली त्या वर्षी न्यायला आली नाही. घेऊन जा कधीतरी.

शिवगंगा


उरण, १७ सप्टेंबर

मावशी, नमस्कार.

पत्र ऑफिसात आलं. आमच्याकडे पोस्टानं येतं ते एक तर बँकेचं नाहीतर कोर्टाचं, म्हणून आधी सगळे दचकले. साहेबांनी विचारलं, "कुणाची नोटीस?" म्हटलं, मावशीची.

मी काय काम करतो ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती गावात सांगायची, "पोरगा जहाजावर हाय." मी जहाजावर एकदाही चढलेलो नाही. आम्ही मधली माणसं. परदेशातून माल आणणाऱ्याला जहाजात जागा मिळवून द्यायची, त्याचे कागद करायचे, बंदरात आला की कस्टममधून सोडवायचा आणि ट्रकवर चढवून द्यायचा. माल आमचा नसतो, जहाज आमचं नसतं, उशीर झाला की शिव्या मात्र आमच्या.

योगीराजदादाचं सामान एका मोठ्या कंटेनरात इतरांच्या मालाबरोबर आहे. मधल्या एका बंदरात तो कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढतो आणि तिथे सध्या खूप गर्दी आहे. ऑक्टोबर उजाडेल.

माणूस मालानंतर किती दिवसांनी येतो असं तुम्ही विचारलंय. नियम जरा उलटा आहे. व्यापाऱ्याचा माल असेल तर कागद पुरतात. घरगुती सामानाचं तसं नाही. ज्याचं सामान त्यानं स्वतः यावं लागतं. त्याच्या पासपोर्टवर देशात उतरल्याचा शिक्का दिसला की मग सामान सुटतं. सामान थोडं आधी आलं तर चालतं, फार तर दोन महिने. त्यापुढे सगळं अवघड होतं आणि गोदामाचं भाडं चढत राहतं. म्हणून दादाला तिकिटाचं लवकर बघायला सांगा.

शेवयांचं मशीन पनवेलकडे येणाऱ्या एखाद्या ट्रॅव्हल्सवर टाकून द्या, मी उतरवून घेईन. नेकनूरला माझं येणं होत नाही. घराला कुलूप आहे. ते उघडून हाक कुणाला मारायची?

तुमचा,
अंगद


चौसाळा, २६ सप्टेंबर

अंगद,

ज्याचं सामान त्यानं यावं लागतं, हे वाचून फार बरं वाटलं. सरकारचा एखादा नियम आईच्या बाजूचा असतो हे मला माहीत नव्हतं. सामान निघालंच आहे, म्हणजे आता त्याला यावंच लागेल.

मी मधली खोली रंगवून घेतली. अजिनाथ रंगाऱ्यानं हातवारे करून विचारलं, कोण येणार आहे? म्हटलं, घराचा मालक. त्यानं पिस्ता रंग सुचवला. मला तो दवाखान्यासारखा वाटतो, पण योगीराजला लहानपणी हिरवं आवडायचं, म्हणून लावू दिला. दुकानाचा पुढचा भाग मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिलाय. यांचे उरलेले कापडाचे तागे मी मागच्या खोलीत हलवले. एक तागा पांढऱ्या मांजरपाटाचा आहे, तो विकायला हात होत नाही.

मी भाकरी एकच थापायला बसते आणि दोन होतात. इतकी वर्षं झाली तरी हाताला हिशेब कळत नाही. आता तो आल्यावर हाताचंच बरोबर होतं म्हणायचं.

बरेच दिवस त्याचा फोन नाही. करिष्मा म्हणते, आवराआवरीत असेल. तसंच असणार.

आणि तुझ्या आईचं मशीन मी ट्रॅव्हल्सवर टाकणार नाही. डिकीत आपटून मोडेल.

शिवगंगा


उरण, १५ ऑक्टोबर

मावशी,

बातमी चांगली आहे. जहाज लागलं, कंटेनर उतरला, सामान आमच्या गोदामात आहे. मी जाऊन स्वतः पाहून आलो.

एक सांगायचं राहायला नको. उतरवताना एक खोकं फुटलं. असं होतं, घाबरू नका. फुटलं की आतलं काय आहे, काय मोडलं, हे सगळ्यांसमोर बघून लिहून ठेवावं लागतं, म्हणून मी उभा राहिलो. काहीही हरवलेलं नाही. दोन चादरी, कुकर, पितळी समई, चन्नप्पाकाकांचा फोटो, काच शाबूत आहे. आणि तुमच्या माणसांच्या गळ्यात असते तशी चांदीची डबी, दोऱ्यासकट. ती बारीक वस्तू म्हणून मी लगेच चादरीच्या घडीत गुंडाळली आणि खोकं पुन्हा बांधून घेतलं. ती गहाळ झाली असती तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं, हे मला माहीत आहे.

दादाच्या तिकिटाचं अजून ठरलेलं नाही. बघू. तुम्ही तब्येत सांभाळा.

अंगद


उरण, ७ नोव्हेंबर

मावशी,

दिवाळी झाली, तुमचं पत्र नाही. पोस्टात अडकलं असेल म्हणून थांबलो. दिवाळीला मी खोलीवरच होतो. शेजारच्यांनी फराळाचं ताट दिलं, ते चांगलं होतं.

तुम्ही रागावलात का? खोकं फुटलं त्यात माझा हात नव्हता. दोन ओळी लिहा.

अंगद


चौसाळा, १८ नोव्हेंबर

अंगद,

रागावले नाही. मला लिहिता येत नव्हतं.

तू नेकनूरचा. कपिलधारच्या यात्रेला आमची माणसं जाताना तू लहानपणापासून बघितलीस, म्हणून तुला डबी ओळखता आली. पण तिचा अर्थ तुला माहीत नसणार, नाहीतर तू ती अशी कुकर-समईच्या ओळीत लिहिली नसतीस. त्या डबीत शिवाचं लिंग असतं. आमच्यात ते गळ्यातून काढत नाहीत. अंघोळीला नाही, आजारपणात नाही. माणूस गेला की ते त्याच्या हातात देतात आणि त्याच्याबरोबर मातीत जातं. ह्यांच्या हातात मी माझ्या हातानं दिलं होतं.

योगीराजचं लिंग खोक्यातून आलं, म्हणजे योगीराज नाही. माल घरून निघून जहाजावर चढेपर्यंत दिवस जातात, त्यातच तो गेला असणार. त्याचं शेवटचं परक्या लोकांनी केलं, त्यांना काय ठाऊक, त्यांनी ते चादरींबरोबर भरून टाकलं. मला हे तुझं पत्र वाचलं त्याच दुपारी कळलं. तू "बघू" लिहिलंस, त्यावरून तुलाही माहीत आहे हे कळलं.

करिष्मानं फोन लावला होता. "बंद हाय, काकू." मग मीच तिला पुन्हा लावू नको म्हटलं. ती पोर चांगली आहे. तिच्या तोंडून अशी बातमी ओरडून ऐकायची माझी तयारी नव्हती. मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की घर भरतं, दहा दिवसांनी पुन्हा रिकामं होतं, ते मला एकदा पुरे झालं. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला गेले, भस्म घेतलं आणि गर्दीत बसून रडले. तिथे कुणी विचारत नाही.

तुझ्याकडून मला एकच हवंय. त्याला जाळलं की मातीत ठेवलं? आमच्यात जाळत नाहीत, हे तिथल्या लोकांना कुणी सांगितलं असेल का? तेवढं विचारून कळव. सामानाचं तुम्हाला वाटेल ते करा.

शिवगंगा


उरण, २२ नोव्हेंबर

मावशी,

तुमचं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि तिथूनच करिष्मावहिनींना फोन केला. त्यांनी तुमच्या कानात ओरडून सांगितलं असेल, "जित्ता हाय, काकू, जित्ता हाय." फोनवर मला इकडे ऐकू येत होतं. बाकीचं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो. शिव्या द्यायच्या असतील तर सगळं वाचून झाल्यावर द्या.

माल उतरला त्याच आठवड्यात दादा माझ्याशी बोलला होता, नव्या नंबरवरून. जुना नंबर कारखान्याचा होता, तो त्यानं नोकरी सोडताना परत केला. म्हणाला, "आईला आत्ताच नको सांगू बे. मीच सांगतो." मी हो म्हटलं.

तिथे त्यानं लग्न केलंय. तिचं नाव नीमा, त्याच कारखान्यात हिशेबाला होती. चार वर्षांची मुलगी आहे, अमानी. दोघींना घेऊन तो चौसाळ्याला येणार होता, समोर उभं राहूनच तुम्हाला सांगणार होता. सामान जहाजावर चढलं आणि नीमाची आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. त्या बाईला नीमाशिवाय दुसरं कुणी नाही. नीमा म्हणाली, मला आता येता येणार नाही. दादाला तिला सोडून येणं जमेना आणि तुम्हाला तोंड दाखवणंही जमेना, म्हणून फोनच करेना. आता जुन्याच मालकाकडे पुन्हा कामाला लागलाय.

लिंग त्यानं लग्नाच्या वेळी स्वतःच काढून ठेवलं. म्हणाला, आईपासून एवढं लपवून ते गळ्यात ठेवणं झेपलं नाही. घरी गेल्यावर तिच्याच हातून पुन्हा घालून घ्यायचं होतं.

फुटलेल्या खोक्यात लहान मुलीच्या चपलाही होत्या, लाल. त्या मी तुम्हाला लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर तुम्ही प्रश्न विचारला असता आणि हे सगळं तेव्हाच कळलं असतं. मी लपवायचं नाही ते लपवलं आणि लिहायचं नाही ते लिहिलं. हा महिना तुम्ही कसा काढला असेल याचा विचार केला की मला जेवण जात नाही.

सामानाचं असं आहे. तो येत नाही म्हणजे ते सुटणार नाही. तसंच पडू दिलं तर एक दिवस लिलाव होईल. नाहीतर कस्टमची परवानगी काढून परत पाठवता येतं. दादा म्हणाला, आई सांगेल तसं कर.

अंगद


चौसाळा, २९ नोव्हेंबर

अंगद,

तुझं पत्र वाचून आधी पोटभर जेवले. राग नंतर केला.

राग आहे. लग्नाचा आहे, नाही असं खोटं लिहिणार नाही. त्याहून जास्त राग याचा की चार वर्षांची नात आहे आणि मला कुणी सांगितलं नाही. ओरडून सांगायची लाज वाटली असेल तर लिहायचं होतं, मला वाचता येतं. मी त्याला पुरलं होतं अंगद, महिनाभर, रोज सकाळी उठून. हे त्याला सांग. जसंच्या तसं सांग.

मग ती नीमाची आई डोक्यात आली. तीही म्हातारी, तीही एकटी. दोघींपैकी एकीजवळ लेकरू राहणार आणि एकीला तसंच राहावं लागणार. मला सवय आहे, तिला नाही, आणि तिचं हाड मोडलंय. हे मी मोठं मन करून लिहीत नाही. मला आत्ता रडू येतंय आणि ते थांबलं की मी पाकीट चिकटवणार आहे.

सामान परत पाठव. त्यांची अंथरुणं, भांडी तुझ्या गोदामात आणि ती तिघं रिकाम्या घरात, हे बरं नाही. पोरीच्या चपलाही तिकडेच हव्यात.

आता लिंगाचं. ते खोक्यातून पाठवायची वस्तू नव्हे. पण माझ्यासाठी तुझा कस्टमवाला नियम सोडणार नाही, म्हणून तू एवढं कर. सोबत कपिलधारचं भस्म आहे आणि त्या पांढऱ्या ताग्यातलं कापड आहे, तो तागा शेवटी मी फाडला. हात धुऊन भस्म लाव, कापडात बांध आणि सगळ्यात वर ठेव. तू आमच्यातला नाहीस, मला चालतं. योगीराजला कळव, नीमाच्या हातून घालून घे. आई जवळ नसेल तर घरातल्या बाईनं घालायचं. असा नियम आहे की नाही मला माहीत नाही, मी सांगते म्हणून.

शिवगंगा


उरण, २३ डिसेंबर

मावशी,

सामान काल गेलं. परवानगीला वेळ लागला. परत पाठवायचं कारण काय, असं कस्टमच्या साहेबांनी विचारलं. म्हटलं, माणूस येत नाही. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

फुटकं खोकं त्यांच्यासमोर उघडून नीट बांधायचं होतं. भस्माची पुडी बघून ते म्हणाले, हे काय? मी सांगितलं. त्यांनी हमालांना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतःही झाले. नळावर हात धुऊन आलो, तुम्ही सांगितलं तसं केलं. लाल चपला लिंगापासून लांब, खाली कोपऱ्यात ठेवल्या. आईनं वळण लावलंय तेवढं.

दादाला तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला कावून वाटलं की आईला समजनार न्हाई?"

ऑफिसात तुमची फाइल बंद झाली. आता तुमचं माझ्याकडे काही काम नाही आणि पत्रं थांबतील, याचं वाईट वाटतंय. खोलीवर गेलं की वाचायला काही असायचं. मशीन मात्र पार्सलनं पाठवून द्या, खर्च मी देतो.

अंगद


चौसाळा, ४ मार्च

अंगद,

उशीर झाला, कारण सामान पोचल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परवा पोचलं.

योगीराजनं करिष्माच्या मोबाइलवर तोंड दाखवलं. शर्टाची वरची गुंडी उघडी ठेवली होती, मला दिसावं म्हणून. गळ्यात आहे. मागे नीमा उभी होती, उंच आहे, पदर नसला तरी डोक्याला हात लावून तिनं नमस्कार केला. तिची आई खाटेवर. पोरीनं लाल चपला दाखवल्या. त्या जहाजानं जाऊन येऊन लहान झाल्यात, तरी टाचा बाहेर ठेवून ती घरभर चालली. करिष्मा माझ्या कानाशी आली, तिला मी हातानंच गप्प केलं. बघायचं होतं, ऐकायचं काही नव्हतं.

मग फोन बंद झाला आणि करिष्मा स्वयंपाकाला घरी गेली. भांडी हलली. गेला एक. मी पिस्ता खोलीत जाऊन बसले. रंग अजून कोरा आहे, कुणाची पाठ टेकलेली नाही. पुढच्या वर्षी येतो म्हणाला. येईल तेव्हा खरं.

आता तुझं. शेवयांचं मशीन मी पार्सलनं पाठवणार नाही. तूच मला नियम शिकवलास. घरगुती सामान आहे, ज्याचं त्यानं यावं लागतं. उन्हाळा लागलाय, गहू निवडून ठेवलेत आणि मशीनला दोन माणसं लागतात, एकटीनं दांडा फिरत नाही. तुला दोन महिने देते. त्यापुढे गोदामाचं भाडं चढेल.

नेकनूरचं कुलूप आपण बरोबर जाऊन उघडू. आधी इथे ये. आणि दारात उभा राहून हाक मारत बसू नकोस, मला ऐकू येणार नाही. सरळ आत ये.

शिवगंगामावशी